पिंजरा लपवावा की दाखवावा?

भायखळ्याच्या कट्ट्यावर यंदा वाद पेटला तो राणीच्या बागेतल्या, म्हणजे मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एका वाघाच्या फोटोवरून. फोटोत काच नव्हती, गर्दी नव्हती. वाघ मोकळ्या रानात बसल्यासारखा दिसत होता, आणि फोटो काढणाऱ्या मित्राला त्याचाच अभिमान होता. लेन्स काचेला अगदी भिडवून भोवती काळे कापड धरले की मागच्या माणसांचे प्रतिबिंब उमटत नाही, आणि जाळी असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून लांब पल्ल्याच्या लेन्सने, प्राणी जाळीपासून दूर असताना फोटो घेतला की जाळी विरून जाते, असे त्याने समजावले. फ्लॅश मारू नये आणि काचेवर टकटक करू नये, यावर मात्र कोणाचेच दुमत नव्हते.

"अरे, पण हा वाघ ताडोबाचा की भायखळ्याचा, हे बघणाऱ्याने ओळखायचे कसे?" आमच्यातल्या वास्तुविशारदाने विचारले. त्याने पेंग्विनचे उदाहरण दिले. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुंबईच्या उकाड्यात ते जगतात ते वातानुकूलित दालनामुळे. ते दालनच फोटोतून वगळले, तर पाहणाऱ्याला वाटणार की हा पक्षी बर्फावर टिपला आहे, म्हणजे त्याचे मूळ घरही चुकले आणि आजचा पत्ताही.

यावर फोटोवाल्याने त्यालाच घेरले. "सीएसएमटी स्थानकाचा फोटो काढताना तूही बस आणि माणसे टाळतोसच ना?" प्रश्न रास्त होता. त्या इमारतीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्यामुळे दुपार कलल्यावर उन्हात तिचे कोरीवकाम उठून दिसते, आणि त्याच वेळी समोर घरी परतणाऱ्यांची रीघ असते. तरीही मला दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचे प्रतीक म्हणून सिंह आणि भारताचे प्रतीक म्हणून वाघ बसवला आहे. त्यांतल्या एकावरच लेन्स रोखली, तरी तो दगडी वाघ जिथला आहे तिथेच राहतो. काचेमागचा वाघ जिवंत आहे, आणि त्याने कुठे राहावे हे आपण ठरवले आहे. चौकट आखताना काहीतरी सुटतेच, पण जी गोष्ट त्या जिवाचे सगळे जगणे ठरवते, तीच सोडणे मला पटत नाही. (गर्दी संगणकावर पुसून टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, माणसांशिवाय ते स्थानक कसले?)

खरे तर राणीची बाग हीच मुळी इकडून तिकडे आणलेल्यांची जागा आहे. फोर्टमधल्या काळा घोडा या भागाच्या नावामागचा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवला गेला, तो आज इथे आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्तीही शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. घोड्याचा फोटो जवळून घेऊन खाली नुसते 'काळा घोडा' लिहिले, तर लोक तो फोर्टमध्ये शोधत बसतील, कारण तिथे २०१७पासून स्वार नसलेला दुसरा घोडा आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जे मूळ जागेवरून हलवले आहे, त्याच्या फोटोत आजची जागा दिसलीच पाहिजे, मग ती काचेवरच्या एखाद्या चमकेतून का होईना.

वास्तुविशारदाला हे पटले. फोटोवाल्याने अर्धेच मान्य केले: यापुढे प्रत्येक फोटोखाली तो 'राणीची बाग, भायखळा' असे लिहील, पण काच मात्र दिसू देणार नाही. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण फोटो हातोहात पुढे जातो आणि त्याखालची ओळ मागे राहते. हे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि त्याने ते मानले नाही.