एकच डॉट-कॉन्फिग दोन्हीकडे ठेवून भागत का नाही?

सप्रेम नमस्कार.

लेख बारकाईने वाचून आपण स्पष्ट मत कळवलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे असे की, लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, चाचण्या एका यंत्रावर पास आणि दुसऱ्यावर फेल होत असतील, तर दोन्हीकडे एकच डॉट-कॉन्फिग फाइल (कर्नल तयार करताना निवडलेल्या पर्यायांची यादी) ठेवली की प्रश्न मिटतो. शिवाय ‘कॉन्फिगमधील फरक’ ही सबब पुष्कळदा खरा बग झाकण्यासाठीच पुढे केली जाते. आपला दुसरा आक्षेप मला मान्य आहे, पहिला नाही.

डॉट-कॉन्फिग फाइल सारखी असली तरी तिचा अर्थ त्या त्या आवृत्तीतील केकॉन्फिगच्या, म्हणजे कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, नियमांवरून लागतो. २०२२ मधील ५.१८ या आवृत्तीचेच पाहा. तोवर ‘डीबग इन्फो’ (दोष शोधायला लागणारी जादा माहिती) हा थेट निवडायचा पर्याय होता, ५.१८ मध्ये तो अनेक पर्यायांपैकी एक निवडण्याच्या गटात गेला. जुनी फाइल तशीच आणून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही, फाइलमध्ये नसलेल्या पर्यायांना पूर्वनियोजित मूल्य देणारी आज्ञा चालवली की गटातील पूर्वनियोजित पर्याय, म्हणजे ‘डीबग माहिती नको’, लागू होत असे. त्यापाठोपाठ त्यावर अवलंबून असलेला बीटीएफचा (कर्नलमधील डेटा-प्रकारांच्या नोंदीचा) पर्यायही गळून पडे, आणि बीटीएफ लागणाऱ्या बीपीएफच्या (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीच्या) चाचण्या फेल होत. आज्ञा मात्र कुठलीही तक्रार न करता पूर्ण होई. कंपायलरचेही (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचेही) तसेच आहे: २०१८ च्या ४.१८ पासून केकॉन्फिग कंपायलरला काय जमते हे स्वतः तपासते, त्यामुळे दोन यंत्रांवर जीसीसी या कंपायलरच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तर एकाच फाइलमधून दोन वेगळ्या अंतिम फाइली तयार होऊ शकतात.

केसेल्फटेस्ट या कर्नलसोबत येणाऱ्या चाचणीसंचाच्या अनेक उपफोल्डरांत चाचणीला लागणाऱ्या पर्यायांची ‘कॉन्फिग’ नावाची छोटी फाइल असते आणि ‘मेक केसेल्फटेस्ट-मर्ज’ त्या सगळ्या एकत्र करते. अवलंबित्व पुरे न झाल्यामुळे एखादा मागितलेला पर्याय अंतिम फाइलमध्ये आलाच नाही, तरी ही आज्ञा ते सांगत नाही. म्हणून मागितलेले पर्याय आणि अंतिम फाइल यांची तुलना आपणच करावी लागते. मूळ लेखात त्या तुलनेवर एवढा भर होता तो याचसाठी.

आता आपला दुसरा आक्षेप. ‘प्रूव्ह लॉकिंग’ हा, लॉक (एकाच वेळी एकालाच डेटा वापरू देणारी कुलुपे) योग्य क्रमाने घेतले जातात का हे तपासणारा पर्याय चालू असलेल्या बिल्डवर, म्हणजे तयार केलेल्या कर्नलवर, चाचणीच्या वेळी लॉकच्या क्रमाबद्दल इशारा उमटला आणि साध्या बिल्डवर उमटला नाही, तर लॉकच्या क्रमातला दोष दोन्हीकडे आहे. एका बिल्डने तो दाखवला इतकेच. अशा वेळी ‘कॉन्फिग वेगळे होते’ असे लिहून नोंद बंद करणे मलाही चुकीचे वाटते. याउलट, मेमरीच्या वापरातील चुका शोधणाऱ्या कासान या पर्यायामुळे सगळेच मंदावून चाचणी केसेल्फटेस्टची ४५ सेकंदांची ठरावीक मुदत ओलांडत असेल, तर तेथे मुदत वाढवून पुन्हा चालवणेच योग्य, कारण त्या फेल होण्यातून कोडबद्दल काहीच कळत नाही.

हे दोन प्रकार वेगळे काढायचे तर कारणीभूत पर्याय नेमका सापडायला हवा. कर्नलच्या स्क्रिप्ट्समधील ‘डिफकॉन्फिग’ने दोन अंतिम फाइलींतील फरक काढावा, निम्मे फरक लागू करून पुन्हा बिल्ड करावे आणि एकच पर्याय उरेपर्यंत हेच चालू ठेवावे. आपल्या दोन्ही यंत्रांवर ‘आयकेकॉन्फिग प्रॉक’ हा पर्याय चालू असेल, तर चालू कर्नलची कॉन्फिग फाइल प्रॉक या फोल्डरमधून थेट मिळेल. कंपायलरच्या आवृत्तीसह त्या दोन्ही फाइली पाठवल्यात, तर आपल्याकडील फरक मी आवर्जून पाहीन.