'काहून?' विचारलं की काय सांगायचं

नागपुरात राहता आणि कोणी 'काहून?', म्हणजे 'का?', विचारलं की गप्प बसता? कसं चालेल भाऊ. मे महिना आहे, ४५ डिग्री आहे, अख्खं शहर कूलरसमोर बसून एकमेकांना काहीतरी समजावून सांगून राहिलं, तुम्हीच काहून मागे?

आधी एक जड शब्द पकडा. कूलर थंड का करतो? बाष्पीभवन. बस्स, एवढं बोलून तर्रीपोह्याचा मोठा चमचा तोंडात घाला. एखादा पोट्टा विचारतोच की मग जुलैत हाच कूलर चिकट हवा काहून फेकतो, तर त्याला लहान आहेस म्हणा. (हवेत आधीच ओल असली की पाणी वाळत नाही, आणि वाळतानाच ते हवेतली उष्णता घेतं. हे ज्याला पाऊस पडायच्या आत सांगता आलं असतं त्याला कूलर समजला होता, तुम्हाला शब्द पाठ होता, पण आपल्यातच ठेवा.)

कोणी फारच मागे लागलं तर तत्त्वज्ञ हेम्पेल काढा. हेम्पेल आणि ओपनहाइम, शेवटी 'र' नाही, बॉम्बवाले ओपनहायमर वेगळे, यांनी १९४८ सालीच मांडलंय की नियम आणि परिस्थिती यांवरून घटना तर्काने काढून दाखवली की झालं स्पष्टीकरण. आणि समजल्यासारखं वाटणं? हेम्पेलच्या मते तो मानसशास्त्राचा मामला. म्हणजे समोरच्याला नाही समजलं तर डोकं त्याचं खराब, किती सोय आहे बघा!

आता झिरो माइलला जा, खांबाची सावली मोजा, सूर्याचा कोन घ्या, उंची बरोब्बर निघते. नियम आहे, गणित आहे, मग खांब एवढा उंच काहून? सावली एवढी आहे म्हणून! तत्त्वज्ञांनी हेम्पेलला अडवायला हाच घोळ झेंड्याच्या काठीवर घातला होता, तुम्ही खांबावर बिनधास्त खपवा, फक्त मेअखेरीस भर दुपारी जाऊ नका, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावलीच गायब होते आणि खांब मात्र उभाच.

मायकल फ्रीडमन नावाचा तत्त्वज्ञ १९७४ साली म्हणाला, थोड्या नियमांत पुष्कळ गोष्टी बसल्या की जग समजतं. आपण तर एका नवतपातच, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतच, घामोळं, लाईट जाणं आणि सासऱ्यांचा पारा बसवतो.

पायरीपायरीने मात्र कधीच सांगायचं नाही हं. रोझेनब्लिट आणि कील या मानसशास्त्रज्ञांनी २००२ च्या अभ्यासात लोकांना चेन (झिप) कशी लागते, फ्लश कसा चालतो हे पूर्ण लिहायला लावलं, तर लिहून झाल्यावर लोकांनी आपल्या समजेचे मार्क आपणच कमी केले. फुकटची बेइज्जती.

आणि कूलर थंड करेना म्हणून मिस्त्री आला तर त्यालाही सोडू नका. मी अर्धा तास बाष्पीभवन सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकलं, मग उठून मागची खिडकी चार बोटं उघडली, म्हणे, "हवा आत आली तर बाहेर बी गेली पाहिजे ना भाऊ." दोनशे रुपये घेऊन गेला. पोट्ट्याला परत बोलावलं, म्हटलं बस, तुला खिडकीचं शास्त्र सांगतो.