एसी फक्त सर्वरले

आमच्या कंपनीत आम्ही मोजून सात जण. कार्डावर माझं पद सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पण मे महिन्यात खरं काम म्हणजे सकाळी आल्याबरोबर कुलरमध्ये पाणी भरणे, कारण पाईप नळाला नीट बसवता येतो असा माणूस मी एकटाच. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कवरून जाताना पाहुणे विचारतात, "इथंच का तुझं ऑफिस?" मी म्हणतो, इथून जवळच. जवळच म्हणजे प्रतापनगरात एका घराचा वरचा मजला, डोक्यावर तापलेली स्लॅब, बाहेर ४५ डिग्री.

एसी एकच आहे, तो सर्वरच्या खोलीत. आम्ही माणसं, सर्वर महागाचा. त्यामुळे दुपारी जो तो "सर्वर बघून येतो" म्हणून उठतो. आमची अकाउंटवाली ताई तर डबा घेऊन सर्वर बघते, आणि चांगला अर्धा तास बघते.

तर परवा मीही असाच सर्वर बघत होतो आणि कळमन्याहून आमच्या दालमिलवाल्या शेठजींचा फोन.

"अबे भाऊ, काय करून राहिले तुम्ही लोकं? माह्या व्याह्याले नोटीस गेली नं!"

झालं असं की उधारी पंधरा दिवसांवर गेली की शेठजींकडचं आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर पार्टीला आपोआप मेसेज पाठवतं. व्याह्यांनी १ मेला तूरडाळ नेली होती आणि चारच दिवसांत त्यांना मेसेज गेला, बिल ५ जानेवारीचं, रक्कम थकीत, कृपया त्वरित भरा. आता शेठजींच्या पोरीचं लग्नच मुळी फेब्रुवारीतलं. म्हणजे व्याह्यांना वाटलं सोयरीक व्हायच्या आधीची उधारी उकरून काढली, तेही मेसेजवर!

मी लगेच गाडी काढली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि निघालो. पोचलो तर कॉम्प्युटरमध्ये फक्त ५ मेची बिलं बरोबर, १ मेची जानेवारीत, २ मेची फेब्रुवारीत. तेव्हाच पोटात गोळा आला. आपण आधी तारीख लिहितो मग महिना, अमेरिकेत आधी महिना, आणि विंडोजमध्ये रीजन युनायटेड स्टेट्स राहून गेलं की ०१/०५ म्हणजे ५ जानेवारी. गंमत म्हणजे १३ तारखेपासून सगळं आपोआप बरं झालं असतं, कारण अधिक मास धरला तरी विंडोजला तेरावा महिना मान्य नाही, मग आमचं सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलंय ते जुनं व्हिज्युअल बेसिक गुपचूप तारीख-महिन्याची अदलाबदल करून घेतं.

हा कॉम्प्युटर एप्रिलच्या शेवटी फॉर्मॅट कोणी केला होता? मीच. आमच्याकडे हार्डवेअरवालाही मीच आहे ना.

"कोणी केलं बे हे?" शेठजी.

"विंडोजचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो. खोटं कुठं होतं?

सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली, बिलं सुधारायला संध्याकाळ झाली, मधे दोनदा ताक आलं. आता शेठजी एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, तोडतात म्हणून मी रात्रभर जागा. सकाळी त्यांचा फोन, आवाज एकदम मऊ.

"भाऊ, व्याह्यानं पैसे पाठवले कालच. सारे. ते मेसेजवालं अजून चार-पाच पार्ट्यांले जमते का पाहा नं."

मी सरांना सांगितलं. सरांनी लगेच कोटेशन बनवलं, नवीन फीचर म्हणून, अधिक १८ टक्के जीएसटी.