फ्राउ राजेंद्र यांचं खातं

जर्मनीला शिकायला निघालायत? अभिनंदन. व्हिसा आला, पेढे वाटून झाले, आता फक्त तिकडे जाऊन एक साधं बँक खातं तेवढं उघडायचं राहिलंय. त्यात काय एवढं, असं सगळेच म्हणतात, मी पण म्हणायचे. गेले नऊ आठवडे मी तेवढंच करतेय, मास्टर्स सवडीने करीन म्हणते.

तर सगळ्यात आधी, पैसे भरपूर आणा आणि हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. व्हिसासाठी त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात (सप्टेंबर २०२४ च्या आधी ११,२०८ होते, म्हणजे लवकर जन्मला असतात तर थोडं स्वस्तात पडलं असतं). म्हणजे थोडं कर्ज, थोडी बाबांची एफडी मोडून, परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर सह्या करून पाठवलेले बारा लाखांच्या आसपास. त्यातले महिन्याला ९९२ तुम्हाला परत मिळतात. कुठे मिळतात, तर तुमच्या जर्मनीतल्या चालू खात्यात. ते खातं नाही? मग नाही मिळत. ॲपमध्ये दिसतात मात्र छान. रोज सकाळी उघडायचं, दर्शन घ्यायचं, बंद करायचं. गाभाऱ्यात प्रवेश नाही.

मग पत्ता मिळवा. पत्ता म्हणजे तुम्ही राहता ती जागा असं तुम्हाला वाटेल, तर तसं नसतं. पत्ता म्हणजे नगरपालिकेने शिक्का मारून दिलेला नोंदणीचा कागद. तो मिळायला घरमालकाचं पत्र लागतं, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, हो, एकच शब्द आहे, श्वास घेऊन म्हणा. घरमालक म्हणतो आधी डिपॉझिट जर्मन खात्यातून टाक, मग पत्र देतो. खातं म्हणतं आधी नोंदणीचा कागद आण. या दोघांच्या मधे बॅगा घेऊन उभं राहायचं. माझ्या बाबतीत शेवटी एका मराठी सिनियरने त्याच्या खात्यातून डिपॉझिट भरलं, त्याला मी अजून फॉरेक्स कार्डावरून काढलेली रोकड हप्त्याहप्त्याने देतेय.

कायदा सांगतो की घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करा. आणि ऑफिसचं पोर्टल सांगतं की पहिली अपॉइंटमेंट सहा आठवड्यांनी. दोन्ही सरकारीच. सकाळी सातला रद्द झालेल्या जागा दिसतात म्हणे, त्यामुळे तात्काळ तिकिटं काढून ज्यांचं बोट तयार झालंय त्यांना इथे चांगला स्कोप आहे.

भारतातलं सिम रिचार्ज करत राहा, नाहीतर ओटीपी सांगलीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये येत राहतील.

खातं उघडताना ओळख पटवण्यासाठी बँकेचा व्हिडिओ कॉल असतो, तो जरूर करा, व्यायाम होतो. पासपोर्ट तिरका धरा, अजून तिरका, उजेड येतोय, आता येत नाहीये, बोट काढा, नंबर मोठ्याने वाचा. चौदा मिनिटांनी मला सांगण्यात आलं की या पद्धतीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. चौदा मिनिटं. कव्हरवर सोनेरी अक्षरात देशाचं नाव लिहिलंय हो!

मग पोस्टात जायचं. पोस्ट म्हणजे सिगारेट, लॉटरी आणि वाढदिवसाची कार्डं विकणारं दुकान, त्याच्या एका कोपऱ्यात पिवळा काउंटर. तिथल्या बाई पासपोर्ट बघून टाइप करतात आणि तुमची ओळख बँकेला कळवतात. माझ्या पासपोर्टवर आडनाव क्षीरसागर, आणि नावाच्या रकान्यात आपल्याकडे असतं तसं गौरी राजेंद्र. बाईंनी तीन शब्द बघितले, मधला त्यांना उच्चारायला बरा वाटला असावा, त्यांनी तोच आडनाव म्हणून टाकला. पावती मी नीट वाचली नाही, ही माझीच चूक, कबूल.

आता लेटरबॉक्स. इथे जरा टेकून बसा.

इथे फ्लॅट नंबर नसतो. चार मजले, बारा बेल, खाली बारा पेट्या, पेटीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव जुळलं तर पोस्टमन पत्र टाकणार, नाहीतर परत. आणि बँक सगळं काही पत्रानेच पाठवते. कार्ड वेगळ्या पाकिटात, पिन वेगळ्या पाकिटात, ॲप सुरू करायचा कोड तिसऱ्या पाकिटात, तेही एका दिवशी नाही. मी वहीच्या कागदाची पट्टी कापून, मार्करने K पासून R पर्यंत दहाच्या दहा अक्षरं त्यात कोंबून, वरून सेलोटेप लावून पेटीवर चिकटवली आणि दोन आठवडे रोज चावी फिरवून आत पिझ्झाची पत्रकं मोजली. मग हेल्पलाइन. संगीत पाठ झालं माझं. कळलं की पत्रं परत गेलीत, शेरा होता ‘प्राप्तकर्ता अज्ञात’. म्हटलं परत पाठवा. पाठवली, परत गेली. त्यानंतर बँकेने माझं खातं तात्पुरतं गोठवलं, कारण माझा पत्ता खरा वाटत नव्हता, आणि खातं गोठवल्याचं मला कळवलं. कसं कळवलं? पत्राने! त्याच पत्त्यावर! तेही परत गेलं!!

मग शाखेत गेले. बुधवारी दुपारनंतर बंद. गुरुवारी साडेबारा ते दोन जेवायची सुट्टी. दोनला आत, समोर एक सज्जन, स्क्रीनकडे बघत म्हणाले (फ्राउ म्हणजे श्रीमती),

“फ्राउ राजेंद्र?”

“राजेंद्र माझे वडील आहेत.”

“म्हणजे हे खातं तुमच्या वडिलांचं आहे?”

“नाही, माझंच आहे.”

“पण नाव वडिलांचं आहे.”

“हो, आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं.”

त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले की मग वडिलांनी स्वतः ओळखपत्र घेऊन यावं हे बरं. सांगलीहून. माझ्या मोडक्या जर्मनमधे मी वीस मिनिटं कन्यादान सोडून सगळ्या मराठी चालीरीती समजावून सांगितल्या, तेव्हा कुठे त्यांनी नावदुरुस्तीचा फॉर्म द्यायचं मान्य केलं. द्या, म्हटलं. म्हणाले, इथे देता येत नाही. पोस्टाने येईल.

कुणाच्या नावाने येईल ते तुम्ही ओळखलंच असेल.

म्हणून मी घरी येऊन पेटीवर दुसरी पट्टी चिकटवली, RAJENDRA. दोन दिवसांनी घरमालकाचा मेसेज, खोली एका व्यक्तीसाठी भाड्याने दिलेली आहे, हा राजेंद्र कोण आणि कधीपासून राहतोय? आता त्यालाही मधल्या नावाचा निबंध लिहून पाठवलाय, उत्तर नाही. फोनवर आई रडकुंडीला आलेली, बाबांना मात्र भलतंच कौतुक, आपल्या नावाची पाटी जर्मनीत लागली म्हणून. फोटो मागितला त्यांनी. गल्लीत दाखवतायत.

दरम्यान आरोग्य विम्याला आयबॅन, म्हणजे इथल्या खात्याचा नंबर, हवाय, डॉइचलँडटिकीटला, म्हणजे बस-ट्रेनच्या महिन्याच्या पासला, आयबॅन हवाय, विभागात असिस्टंटचं काम मिळत होतं त्यांनाही आयबॅनच हवाय. मी रोज पस्तीस मिनिटं चालत कॉलेजला जाते. तब्येतीला चांगलं असतं म्हणे.

आणि हे सगळं होऊ द्यायचीच गरज नव्हती, हे मला गेल्या आठवड्यात कळलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जर्मनीत जून २०१६ पासून कायदा आहे. युरोपियन युनियनमधे कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही, राहायला पक्कं घर नसलं तरी, बाझिसकोंटो म्हणजे साधं खातं द्यायला बँक बांधील आहे, आणि अर्ज आल्यापासून जास्तीत जास्त दहा कामकाजाच्या दिवसांत. नाही म्हणायचं असेल तर लेखी, कारणासकट. तरी अडवलं तर बाफिन नावाच्या नियामकाकडे जाता येतं. म्हणजे ज्याला पत्ताच नाही त्याला खातं मिळायला हवं, आणि मी पत्ता असून, पेटी असून, पेटीवर दोन-दोन नावं असून बसलेय. मी हे शाखेत जाऊन विचारलं तर ते सज्जन म्हणाले की ते विद्यार्थ्यांसाठी नसतं. साफ खोटं. किंवा त्यांना माहीत नाही, आणि दिवसभर खाती उघडायच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हे माहीत नसणं मला खोट्यापेक्षा वाईट वाटतं.

लाज वाटली पाहिजे. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या आठवड्यात याच बँकेचा स्टॉल होता, बॅनरवर सोळा भाषांमधे स्वागत, देवनागरीत पण, पोरांना कापडी पिशव्या आणि पेनं वाटत होते, फोटो काढत होते. आम्ही ग्राहक म्हणून पाहिजे असतो तुम्हाला, मग पासपोर्टवर नाव कुठल्या रकान्यात आहे एवढं वाचायला काय होतं? दोनच रकाने असतात, त्यांच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं! चूक तुमची, खातं तुम्ही गोठवलं, फॉर्म तुमच्या ड्रॉवरमधे, आणि हेलपाटे मी घालायचे? आणि दर वेळी ‘हे सिस्टीममधे असंच आहे’. सिस्टीम काय आभाळातून पडली?

आणि आपले सिनियर, ‘चिल मार गं, दोन दिवसांत होतं’ म्हणणारे. तुमचं झालं असेल, कारण तुमच्या बरोबर तेव्हा जर्मन येणारा कुणीतरी आला होता. जे अडकले ते ग्रुपवर काही बोललेच नाहीत, कारण अडकलो म्हटलं की बावळट ठरतो. बोला ना जरा. मी बाझिसकोंटोचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते एका सीरियन मुलाकडून, कॅन्टीनच्या रांगेत. आपल्या दोनशे माणसांच्या ग्रुपवर नऊ आठवड्यांत एकाने सांगितलं नाही, गणपतीच्या वर्गणीचे मेसेज मात्र सोळा आले.

अर्ज काल लेखी दिलाय, बाझिसकोंटोचा, दुसऱ्या बँकेत. पोच घेतली, तारखेसकट. पोस्टातल्या बाईंनी टाइप केलेलं नाव या वेळी मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा त्यांनी सुस्कारा टाकला. टाकू दे. पेटीवरच्या दोन्ही पट्ट्या अजून तशाच आहेत, काढायची हिंमत होत नाही.