सरकारी मंचावर गेले म्हणजे विकले गेले?

२०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. मग बाकीच्यांनी जावं की नाही, यावर आपल्याकडे कडाक्याचा वाद झाला. असे वाद न्यू जर्सीत बसून वाचताना मला ब्लड, स्वेट अँड टिअर्स हा बँड आठवतो.

१९६७ मध्ये अल कूपरनं न्यूयॉर्कमध्ये तो उभा केला. रॉकची गिटार-ड्रम्स आणि जोडीला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनची जॅझ फळी. कूपर लवकरच बाहेर पडला, कॅनडात वाढलेला गायक डेव्हिड क्लेटन-थॉमस आला. या नऊ जणांच्या अल्बमला १९७० मध्ये सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेही बीटल्सचा ‘ॲबी रोड’ स्पर्धेत असताना! त्यातलं ‘स्पिनिंग व्हील’ हे गाणं ऐकाल तर अल्बमवरचंच ऐका. सिंगल, म्हणजे त्या गाण्याची वेगळी तबकडी, काढताना ल्यू सोलोफचा ट्रम्पेट सोलो कापला होता, आणि गाण्याचा जीव तर त्यातच आहे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बँड अमेरिकी परराष्ट्र खात्यातर्फे युगोस्लाव्हिया, रुमानिया आणि पोलंड या कम्युनिस्ट देशांच्या दौऱ्यावर गेला. व्हिएतनाम युद्ध चालू, सत्तेवर निक्सन. तरुण श्रोते भडकले. क्लेटन-थॉमसचा अमेरिकेतला वास्तव्याचा परवाना अडकला होता आणि दौऱ्याला होकार त्यापायी होता, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बुखारेस्टमध्ये लोक बेभान झाले, तसे पोलीस कुत्री घेऊन त्यांच्यावर धावले. परतल्यावर बँडनं तिथल्या दडपशाहीबद्दल सांगितलं, तर डाव्यांनी त्यांना सरकारचे भाट ठरवलं. उजव्यांना हे लांब केसवाले आधीपासूनच नको होते. १९७२ च्या सुरुवातीला क्लेटन-थॉमसनं बँड सोडला. सततचे दौरे आणि जॅझ की रॉक ही आतली ओढाताणही होतीच. नाव टिकलं, माणसं पांगली.

ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली माणसं मी रोज पाहतो. मोर्चात फोटो निघेल म्हणून घरी थांबतात, नोकरीत अन्याय झाला तरी ब्र काढत नाहीत. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून वाटतं, कलाकाराला जाब जरूर विचारावा, पण त्याआधी त्याची कोंडी कुणी केली ते शोधावं. आपल्याकडे कोण गेलं, कोण नाही यावरच सगळी शक्ती खर्च होते आणि दबाव आणणारे नामानिराळे राहतात. बँडनं मात्र खरं कारण तेव्हाच उघड करायला हवं होतं. श्रोत्यांचा राग निदान योग्य दारात गेला असता.