निर्जळी उपवासाने जेट लॅग जात नाही

जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या माझ्या मावशीला परवा व्हॉट्सॲपवर ‘जेट लॅगवर पाच रामबाण उपाय’ हा संदेश आला; जेट लॅग म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने शरीराचे घड्याळ आणि तिथली वेळ यांचा मेळ बिघडणे. मलाही तो तीनदा आला होता आणि तीनदा मी पुसून टाकला होता. पण मावशी तो वहीत उतरवून घेऊ लागली, तेव्हा गप्प राहणे शक्य नव्हते.

पहिला उपाय म्हणजे प्रवासात चोवीस तास निर्जळी उपवास, कारण त्याने म्हणे ‘शरीराचे घड्याळ शून्यावर येते’. मावशी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते. ती गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि विमानाच्या अंधारात शेजारच्याला वाटणार की आजींना झोप लागली आहे. त्यात विमानातील हवा आधीच कोरडी, आणि वर पाणीही वर्ज्य! जेवणाच्या वेळांचा यकृतासारख्या अवयवांच्या लयीवर परिणाम होतो, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. पण मुख्य घड्याळ मेंदूत असते आणि ते प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने लागते. पोहोचल्यावर तिथल्या वेळेला जेवावे, आणि गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

दुसरा उपाय, पहाटे गवतावर अनवाणी चालून ‘पृथ्वीची ऊर्जा’ घेणे. उन्हाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिथे सकाळी सहा वाजता मावशीच्या शरीरात दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. त्या वेळच्या प्रकाशाने घड्याळ फारसे हलत नाही. सायंकाळी पाचचे ऊन मात्र तिच्या शरीराच्या मध्यरात्री, अडीचला, पडेल आणि घड्याळ हवे तसे मागे ढकलेल. पहिले काही दिवस त्या वेळी, चपला घालून, फिरावे.

मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक, ‘नैसर्गिक, म्हणून हवे तितके घ्या’ हा तिसरा. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात १० पैकी बहुतेक चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला, हे खरे. पण तो मुक्कामाच्या ठिकाणी झोपेच्या वेळी घेतलेल्या अर्धा ते पाच मिलिग्रॅम मात्रेचा, आणि पाचच्या वर जाऊन अधिक लाभ दिसला नाही. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांना आणि अपस्माराच्या रुग्णांना त्यात वेगळा इशाराही आहे.

चौथा, प्रवासभर झोपेची गोळी: तासन्‌तास न हलता बसल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून नको. पाचवा आल्याचा चहा आहे. तो मावशीने खुशाल घ्यावा, बिनसाखरेचा.