पंधरा अब्जांतली माझी चार

१३ नोव्हेंबर २०२३ला केनिया सरकारने अख्ख्या देशाला सुट्टी दिली, कशासाठी तर झाडं लावायला. त्या दिवसाचं लक्ष्य १० कोटी रोपांचं, २०३२ पर्यंतचं १५ अब्जांचं. नैरोबीबाहेर चिखलात उकिडवा बसून मीही चार रोपं लावली. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर पुण्याहून धाकट्या भावाचं उत्तर तयारच: "आधी आमचे ३३ कोटी मोज."

टोमणा रास्त होता. २०१९च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला आणि त्याच ऑक्टोबरात आरेत रातोरात करवती चालल्या. तेव्हापासून आपलं भांडण हिशेबावरच अडलंय: किती लावली, किती जगली, किती पाडली. जंगल कुणाच्या भरवशावर तीस-चाळीस वर्षं उभं राहणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

इथे केनियात त्याचं उत्तर 'शांबा' पद्धतीत दिसतं, बरंही आणि वाईटही. वनखात्याच्या जमिनीवर रोपांच्या ओळींमध्ये शेतकरी बटाटा, घेवडा घेतो आणि बदल्यात रोपं राखतो. तीनेक वर्षांत सावली दाटली की शेती बंद. म्हणजे झाड मोठं झालं की याचं शेत गेलं! रोपं मुद्दाम खुरटवल्याच्या तक्रारी झाल्या, यात नवल ते काय? शेतकऱ्याला मी दोष देत नाही. झाडाच्या वाढीत त्याचा वाटाच ठेवलेला नाही.

नैरोबी शहरातलं करुरा जंगल मात्र वाचलं. नव्वदच्या दशकात त्याचे तुकडे बिल्डरांना वाटले जात होते. जानेवारी १९९९मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई तिथे रोपं लावायला गेल्या आणि भाडोत्री गुंडांकडून डोकं फुटेपर्यंत मार खाल्ला. पुढे कुंपण आलं आणि वनखात्याच्या जोडीला आसपासच्या लोकांची संघटनाही. आज रविवारी तिथे पोरं सायकली दामटतात.

पण करुराभोवती बंगलेवाले राहतात, त्यांचा आवाज पोचतो. माऊच्या जंगलातल्या ओगिएक आदिवासींचा पोचत नाही. आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१७मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी सुट्टीच्या त्याच नोव्हेंबरात जंगल वाचवायचं म्हणून त्यांची घरं पाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या मध काढणारे बाहेर, आणि फोटोपुरते आलेले आम्ही आत.

भावाला मी लिहिलं, या बाबतीत गडचिरोलीतलं मेंढा-लेखा केनियाच्या पुढे आहे. २००९मध्ये ग्रामसभेला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही तिच्याच हाती आला. तिथल्या माणसाला बांबू वाढलेला हवा असतो.

जूनमध्ये माझी रोपं बघायला गेलो. तीन रोपं शेळ्यांनी खाल्ली होती, चौथं ओळखू येईना. भावाला अजून कळवलेलं नाही.